मिनिटबाईंची चोवीस मिनिटं

आमच्या वन्संनी अंडी उकडायला ठेवली की स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम आहे. सात मिनिटं म्हणजे सात. मध्येच कुणी "अहो, साखर कुठे ठेवलीत?" विचारलं तर त्या तळहात वर करतात, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा. सातवं मिनिट भरलं की गॅस बंद, अंडी गार पाण्यात, आणि मग शांतपणे, "दुसऱ्या डब्यात आहे. काय म्हणत होतीस?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. गेली एकोणीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या नर्स आहेत, त्यांतली शेवटची अकरा लिव्हरच्या थिएटरमध्ये. माझा नवरा म्हणतो, "आमच्या घरात दोन घड्याळं आहेत. भिंतीवरचं अधूनमधून मागे पडतं." पाहुणे फारच रेंगाळले की वन्सं गोड हसून म्हणतात, "बसा ना, चाळीसच मिनिटं झालीत." त्यानंतर बसून राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्यांचं काम नेमकं काय, हे मला लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कळलं, तेही भाजी निवडता निवडता. लिव्हर म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज, त्या म्हणाल्या. सुरी लावली की चहूकडून पाझरायला लागतो. पोट उघडून ऑपरेशन असेल तर डॉक्टर हाताने दाबून धरू शकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हात बाहेरच राहतात. पोट गॅसने फुगवायचं, चार-पाच भोकांतून लांब दांड्यांची हत्यारं आत घालायची आणि समोरच्या पडद्यावर बघत काम करायचं. जरासं रक्त आलं की पडदा लाल, आणि पडदा लाल झाला की डॉक्टर आंधळे. म्हणून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या नसांच्या जुडग्याभोवती आधीच एक सुती फीत फिरवून ठेवतात. फितीची टोकं एका बारीक रबरी नळीतून बाहेर काढतात. टोकं ओढून नळी आत सरकवली की फास आवळतो, रक्त थांबतं. नाडी ओढून पिशवीचं तोंड बंद करावं तसं.

"पण आवळलेलं लिव्हर उपाशी असतं," वन्सं म्हणाल्या. "पंधरा मिनिटं उपाशी ठेवायचं, मग पाच मिनिटं सोडायचं. परत पंधरा, परत पाच. काम संपेपर्यंत. ती मिनिटं मी राखते."

"म्हणजे अंड्यासारखंच," मी म्हणाले.

"अंडं बिघडलं तर दुसरं आणता येतं," त्या म्हणाल्या आणि मेथीची काडी माझ्या हातातून काढून घेतली, कारण मी पानांबरोबर तीही टाकत होते.

थिएटरमधली रीत अशी. मोठे डॉक्टर म्हणणार, "बंद." वन्संनी सगळ्यांना ऐकू जाईल असं परत म्हणायचं, "बंद," आणि गळ्यातल्या टायमरचं बटण दाबायचं. दहा मिनिटांनी म्हणायचं, "दहा." चौदाव्याला, "एक उरलं." आणि पंधराव्याला, "सोडा." त्या "सोडा"पुढे कुणाचं काही चालत नाही. मोठे डॉक्टर एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण मिनिटबाईंनी "सोडा" म्हटलं की हातातलं हत्यार जिथल्या तिथे थांबतं. मिनिटबाई हे त्यांनीच पाडलेलं नाव. नवीन डॉक्टर आले की पहिल्याच दिवशी ते सांगतात, "भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू नका. मिनिटबाई म्हणतील तेच खरं."

हे वाक्य वन्संनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. दर वेळी जणू सहज आठवलं म्हणून.

तर एका मंगळवारी संध्याकाळी त्या कामावरून आल्या, चप्पल काढली आणि मला विचारलं, "किती वाजले गं?"

मी पोळपाटावरून मान वर केली. समोर घड्याळ होतं. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. अकरा वर्षांत या बाईंनी मला वेळ विचारली नव्हती, सांगितली मात्र दिवसातून दहादा होती. "सव्वासात," मी म्हणाले. त्या "बरं" म्हणून आत गेल्या आणि अंधार झाला तरी दिवा लावला नाही.

बुधवारी अंडी फुटली. पाणी आटून भांडं करपलं तेव्हा त्या गॅलरीत दोरीवरच्या टॉवेलकडे बघत उभ्या होत्या. नवरा म्हणाला, "ताई, तुझी बॅटरी संपली की काय?" एरवी त्याला सव्याज परत मिळालं असतं. त्या नुसत्या भांडं घासायला बसल्या, आणि इतका वेळ घासलं की मला ते हातातून ओढून घ्यावं लागलं.

मी काही विचारलं नाही. माणसाला बोलायचं असतं तेव्हा ते कामात हात घालायला येतं, हा माझा अनुभव. शनिवारी दुपारी मी इस्त्री करत होते. नवरा बाहेर गेला होता. वन्सं आल्या आणि उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायला लागल्या. तिसऱ्या अभ्र्यावर म्हणाल्या, "मी मंगळवारी खोटं बोलले."

मी इस्त्री उभी केली.

मंगळवारी एका शाळेच्या बसच्या ड्रायव्हरांचं ऑपरेशन होतं. पन्नाशीचे गृहस्थ. लिव्हरमध्ये गाठ, आणि लिव्हर आधीच औषधांनी थोडं थकलेलं. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या वेळी मोठे डॉक्टर म्हणाले, "बंद." वन्संनी "बंद" म्हणून बटण दाबलं. मिनिटभरात गॅसच्या यंत्राने कोकलायला सुरुवात केली. पोट फुगवायचा गॅस संपत आला होता. सिलिंडर बदलणं हेही वन्संचंच काम. थिएटरमधला जादाचा सिलिंडर लावला तर तोही रिकामा. धावत शेजारच्या थिएटरमधून दुसरा ढकलत आणला. त्याच्या तोंडाची चकती निसटलेली, ती जमिनीवर शोधली. पाना सरकत होता. तोवर आतलं पोट बसायला लागलेलं, गॅसचा दाब उतरला तसं लिव्हरमधून परत जाणाऱ्या नसांतलं रक्त झिरपायला लागलेलं, पडदा लाल. मोठे डॉक्टर जखमेवर गॉझची पट्टी दाबून थांबले होते. फीत आवळलेलीच होती.

गॅस सुरू झाला. पोट वर आलं. पडदा साफ झाला. मोठ्या डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं, "किती झाली?"

वन्संनी टायमर बघितला. त्यावर दोन सेकंद होते. बटण दोनदा दाबलं गेलं होतं. सुरू होऊन लगेच थांबलं होतं.

"मग?" मी म्हणाले.

"मी म्हटलं, पाच."

"का?"

"कारण तोंडातून पाच आलं." त्यांनी घडी घातलेला अभ्रा परत उलगडला. "मला खरंच पाचच वाटली गं. चार किंवा पाच. मग मी टायमर सुरू केला, पाच धरून पुढे दहा मिनिटं मोजली, आणि 'सोडा' म्हटलं. कागदावर पंधरा लिहिलं. खाली सही केली."

शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनी मधेच म्हटलं होतं, "सर, बराच वेळ झाल्यासारखा वाटतोय." त्यावर मोठे डॉक्टर म्हणाले होते, "मिनिटबाई म्हणतात म्हणजे पाचच." आणि वन्सं गप्प राहिल्या होत्या.

"ते वाक्य ऐकलं तेव्हा मला आतून गरम झालं," वन्सं म्हणाल्या. "तेव्हाच बोलायला हवं होतं. पण एकदा पाच म्हटल्यावर, आता नाही कसं म्हणायचं? सगळे बघत होते. म्हणजे कुणी बघत नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत होते. तेच वाईट. कुणाला तपासून बघावंसंही वाटलं नाही."

"आणि ते ड्रायव्हर?"

"परवापासून डोळे पिवळे झालेत. पोटात पाणी साठतंय. लिव्हर नीट जागं होत नाहीये."

आता मी काय म्हणाले, ते लिहायला मला जड जातंय, पण त्यांचं सगळं उघडं करायचं आणि आपलं तेवढं झाकायचं, हे काही खरं नाही. मी म्हणाले, "वन्सं, तुम्हाला नक्की तरी कुठे माहीत आहे? पाचच असतील. तो माणूस बरा होईल. उगाच कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता? अकरा वर्षांचं नाव आहे तुमचं." आणि वर, शहाणी मी, चहा टाकला.

त्यांनी चहा घेतला. मला वाटलं, पटलं.

त्या ड्रायव्हरांची बायको रोज सकाळी वॉर्डाच्या दाराशी उभी असायची. थिएटरच्या नर्सेस कपडे बदलायला तिथूनच जात. ऑपरेशनच्या दिवशी तिला धीर देणाऱ्या वन्संच होत्या, त्यामुळे त्या दिसल्या की बाई पुढे होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरायची. "तुम्ही आत होतात म्हणून मला झोप लागते," म्हणायची. चोराच्या मनात चांदणं. वन्सं दुसऱ्या जिन्याने जायला लागल्या. रविवारी बाई त्या जिन्याशीही सापडली. "इकडून जाता होय?" म्हणाली, आणि हात धरला.

सोमवारी दुपारी डबा न उघडता वन्सं रेकॉर्डिंगच्या खोलीत गेल्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं हे एक आहे. पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं आवाजासकट साठवलं जातं, कोपऱ्यात वेळ चालू असते. पाच-सहा तासांचं रेकॉर्डिंग पुन्हा बघायला कुणाला सवड नसते, महिन्याभराने ते पुसलं जातं. वन्संनी तिसऱ्या "बंद"पर्यंत आणलं. कोपऱ्यात अकरा बेचाळीस. मग पुढे, त्यांच्याच आवाजातल्या "सोडा"पर्यंत नेलं. बारा वाजून सहा.

चोवीस.

त्यांनी बोटांवर परत मोजलं. मोजण्यात ज्यांचा जन्म गेला त्या बाईंनी, बेचाळीस ते साठ अठरा, आणि वर सहा, असं लहान मुलासारखं बोटांवर.

त्याच दुपारी दर आठवड्याची बैठक होती. ज्या पेशंटचं काही बिनसलंय त्याच्यावर तिथे सगळे मिळून बोलतात. मोठ्या डॉक्टरांनी ड्रायव्हरांचे कागद काढले. धाकट्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, सोडताना फीत पुरती सैल झाली होती ना? की अर्धवट आवळलेलीच राहिली? त्यांचा चेहरा पडला. "मला वाटतं झाली होती, सर." "वाटतं म्हणजे?" मग मोठे डॉक्टर स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. चूक माझी आहे. वेळा तर सगळ्या पंधराच्या आत आहेत. म्हणजे असं थकलेलं लिव्हर पंधरा मिनिटंही सोसत नाही, असाच अर्थ होतो. इथून पुढे असे पेशंट दुर्बिणीने करायचे नाहीत. गुरुवारच्या बाईंचं पोट उघडूनच करू."

गुरुवारच्या बाई म्हणजे एका लाँड्रीत कपडे इस्त्री करणाऱ्या. दिवसभर उभ्याने काम. दुर्बिणीने झालं असतं तर महिन्यात परत इस्त्रीशी उभ्या राहिल्या असत्या. उघडून करायचं म्हणजे बरगड्यांखाली वीतभर चीर, आणि तीन-तीन महिने वजन उचलायचं नाही.

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं. हे सोमवारी संध्याकाळी, गॅलरीत.

"मी सगळ्यांना बैठकीचे कागद वाटले," त्या म्हणाल्या. "नंतर गोळा केले."

मी शनिवारी जे बोलले होते ते मला आठवलं. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "बुधवारी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांकडे जाते. मंगळवारी ते दिवसभर थिएटरमध्ये आहेत. बुधवारी नाही गेले तर गुरुवारी त्या बाईंच्या पोटावर सुरी फिरते. तू चल माझ्याबरोबर. बोलू नकोस. नुसती बाहेर बस."

बुधवारी सकाळी आम्ही दोघी बसने गेलो. वन्संनी इस्त्रीची साडी नेसली होती, कुणी मुलगी बघायला येणार असल्यासारखी. मी तसं म्हटलं, त्यांना जरा हसू यावं म्हणून. त्या म्हणाल्या, "तेव्हा तरी नकार देता यायचा."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. समोर भिंतीला गोल घड्याळ. वन्सं दार लोटून आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत शिरल्या. मागोमाग मोठे डॉक्टर. उंच, थोडे वाकलेले, हातात चष्मा. दार लागलं.

मी बसून राहिले. एक माणूस फरशी पुसत माझ्या पायांपर्यंत आला, मी पाय वर घेतले. पुसत पुढे गेला. फरशी वाळली. कुणीतरी औषधांची गाडी घेऊन गेलं, रिकामी परत आणलं. मी हातातल्या पिशवीतली बिलं काढली, नीट लावली, परत ठेवली. एका बाईंनी मला रक्त तपासायची खोली कुठे विचारली, मी चुकीची सांगितली. दहा मिनिटांतच मला वाटलं, अर्धा तास झाला असणार. आत काय चाललंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. दार उघडलं तेव्हा अर्धा तास कधीच उलटून गेला होता.

घरी आल्यावर वन्संनी सांगितलं. आधी खोलीत त्यांनी उभ्यानेच, एका दमात सगळं सांगून टाकलं. मोठे डॉक्टर रागावले नाहीत. "चला, बघू," म्हणाले. रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांनी स्वतः खुर्ची ओढून वन्संना बसवलं आणि अकरा बेचाळीसपासून लावलं. वन्संना वाटलं, आता पुढे पळवतील. त्यांनी पळवलं नाही. चोवीसच्या चोवीस मिनिटं दोघं शेजारी बसून बघत राहिले.

"बंद," मोठ्या डॉक्टरांचा आवाज. "बंद," वन्संचा आवाज. फीत आवळली जाते. लालसर लिव्हर हळूहळू फिकं पडतं, निळसर करडं होतं. यंत्र कोकलतं. चित्र खाली बसतं. रक्त येतं. गॉझ येतो आणि दाबून राहतो. मग कितीतरी वेळ पडद्यावर काहीच घडत नाही. नुसता लाल होत जाणारा गॉझ आणि मागे कुठेतरी पाना फरशीवर पडल्याचा आवाज. वन्सं म्हणाल्या, "तेवढ्या वेळात मी दहा कामं केली होती गं. म्हणून मला पाच वाटली. पण लिव्हर तिथे नुसतं पडून होतं. त्याला कसलं काम होतं?"

मग आवाज आला, "किती झाली?" आणि लगेच, अजिबात न अडखळता, त्यांचा स्वतःचा, "पाच."

मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा कोपऱ्यातल्या वेळेकडे बघितलं. अकरा छप्पन. मग तेही ऐकू आलं, धाकट्या डॉक्टरीणबाईंचं, आणि त्यांचं स्वतःचं, "मिनिटबाई म्हणतात म्हणजे पाचच." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तरी थांबवलं नाही. "सोडा" येईपर्यंत बघितलं.

मग म्हणाले, "सिस्टर, 'माहीत नाही' म्हणायला किती वेळ लागतो?"

"अकरा वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, सर."

"मी त्याच क्षणी फीत सोडली असती. गॉझ दाबून पाच मिनिटं बसलो असतो. काही बिघडलं नसतं."

"हो."

"या नऊ मिनिटांनीच त्यांना कावीळ झाली का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित हो. कदाचित तुम्ही बरोबर मोजलं असतं तरी झाली असती. ते आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही."

वन्सं मला म्हणाल्या, "त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं."

ते ओरडले नाहीत, पण सोडलंही नाही. दुपारी सगळ्यांना बोलावलं आणि वन्संना स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. धाकट्या डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, आणि सोमवारी तुम्हाला बोलणी बसली तेव्हा मी कागद गोळा करत होते." डॉक्टरीणबाई तिशीच्या आहेत, वन्संपेक्षा निदान अठरा वर्षांनी लहान. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघितलं. "ठीक आहे" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. लाँड्रीतल्या बाईंचं ऑपरेशन परत दुर्बिणीने ठरलं. वन्संच्या गळ्यातला टायमर काढून घेतला. आता दोघीजणी मोजतात, एक टायमरवर, एक फळ्यावर लिहून. आणि जादाचा सिलिंडर भरलेला आहे की नाही हे रोज सकाळी कोण बघणार, याचा कागद दाराला लागला. हे सगळं आधीच करता आलं असतं, पण मिनिटबाई असताना कुणाला गरज वाटली नव्हती.

राहिले होते ड्रायव्हर आणि त्यांची बायको. मोठे डॉक्टर म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही शेजारी उभ्या राहा." वन्सं म्हणाल्या, "मी सांगते, तुम्ही शेजारी उभे राहा."

ड्रायव्हर पलंगावर अर्धवट उठून बसले होते. पिवळे डोळे, फुगलेलं पोट, पोटावरच्या लहानलहान भोकांवर चिकटपट्ट्या. बायको स्टुलावर. वन्सं दिसताच तिने सवयीने हात पुढे केला. वन्संनी तो धरला नाही, हात मागे बांधले आणि सांगितलं. सोप्या शब्दांत. रक्त पंधरा मिनिटं बंद ठेवायचं होतं, चोवीस राहिलं. मोजणारी मी होते. मी चुकले, आणि चुकलेय हे कळलं तरी खोटा आकडा सांगितला.

ड्रायव्हरांनी पोटावरची चादर वर ओढून घेतली. बायकोने विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"खोटं बोलले ते त्याच वेळी कळलं होतं. आकडा सोमवारी कळला."

"म्हणजे मी रोज सकाळी तुमचा हात धरत होते तेव्हा माहीत होतं."

"हो."

बाईने पुढे केलेला हात मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताने झाकला. मोठे डॉक्टर काहीतरी बोलायला लागले, लिव्हर पुन्हा वाढतं, तपासण्या कालपासून जरा बऱ्या आहेत. ड्रायव्हरांनी त्यांना थांबवलं आणि वन्संना विचारलं, "मी परत बसवर कधी चढेन, ते सांगा. खरं सांगा."

"माहीत नाही," वन्सं म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. माझ्या नवऱ्याला सगळं कळलं होतं, म्हणजे वन्संनीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, मग इतके दिवस बोललीस का नाहीस? निदान हिला तरी सांगायचंस. हिने तुला दुसऱ्याच दिवशी पाठवलं असतं." मी ताटातला घास ताटातच फिरवत बसले. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला लाज वाटली रे. कोणाला सांगणार?" आणि वरण वाढायला उठल्या. मला बोलता आलं असतं. वरण वाढून होईपर्यंत वेळ होता.

ड्रायव्हरांना एकोणिसाव्या दिवशी घरी सोडलं. पिवळेपणा गेला होता. वजन उतरलं होतं, पँट कमरेशी धरून चालत होते. वन्सं तेव्हा लिफ्टपाशी उभ्या होत्या, स्वच्छ कपड्यांचं गाठोडं घेऊन. त्यांना बाजूला व्हायला जागा नव्हती. लिफ्ट आली. बायकोने दार धरून ठेवलं, वन्संकडे बघत. वन्सं आत शिरल्या. चार मजले तिघं उभे. ड्रायव्हर आकडे बदलताना बघत होते.

खालच्या मजल्यावर वन्संना राहवलं नाही. म्हणाल्या, "गोळ्यांच्या वेळा नीट समजल्यात ना? ती पांढरी जेवणाआधी अर्धा तास. काही शंका असेल तर लिहून देते."

"लिहून घेतल्यात," बायको म्हणाली. "दुसऱ्या सिस्टरकडून."

ती भांडणाच्या सुरात बोलली नाही, वन्सं मला सांगत होत्या. सरळ, आहे ते सांगितल्यासारखी. मग नवऱ्याच्या कोपराला धरून तिने त्याला पायऱ्यांवरून एकेक करत खाली नेलं. रिक्षा बोलावली. वन्सं गाठोडं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. गाठोडं तिसऱ्या मजल्यावर द्यायचं होतं.

"उद्धटच म्हणायची," मी म्हणाले. सवयीने, त्यांच्या बाजूने.

"नाही गं," वन्सं म्हणाल्या. "मी तिच्या जागी असते तर मीही दुसरीलाच विचारलं असतं."